कणगी आणि बरोबर चालणारे घड्याळ

"स्वीकारार्ह कंपायलर आढळला नाही," असे यंत्राने जाहीर केले, तेव्हा प्रा. ज्ञानदेव सरवदे यांना त्या वाक्यातल्या कंपायलर या पदार्थाची ओळख नव्हती. 'स्वीकारार्ह नाही' या शब्दांशी मात्र त्यांचा एकतीस वर्षांचा परिचय होता. त्यांचे दोन संशोधन-प्रस्ताव, बढतीचा एक अर्ज आणि ग्रामीण बोलींवरची एक आखलेली व्याख्यानमाला याच शब्दांचा शिक्का घेऊन परत आली होती. आजवर हे वाक्य माणसे उच्चारीत, आता यंत्रे उच्चारू लागली, एवढाच काय तो प्रगतीचा फरक. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला आणि पडद्याकडे अशा थंड नजरेने पाहिले, की त्या नजरेखाली एकेकाळी बारामतीतले विभागप्रमुख हातातला चहा बशीत ओतायचे विसरत.

पडदा काही विसरला नाही. त्याच्यावरची उभी रेघ लुकलुकत राहिली.

"काय म्हणतंय?" म्हस्कू तात्यांनी दारातूनच विचारले. शेजारचे म्हस्कू तात्या मूळचे काटेवाडीचे, साखर कारखान्याच्या बॉयलरवर तेहेतीस हंगाम काढून निवृत्त झालेले गृहस्थ. कुठलेही यंत्र बिघडल्याचा वास त्यांना भिंतीपलीकडून येत असे, आणि तो आला की ते चपला घालण्यापुरताही विलंब लावीत नसत.

"कंपायलर नाही म्हणतंय."

"आन् त्यो कशाला लागतो?"

ज्ञानदेवांनी समजावले, की हा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, तयार स्वरूपात उपलब्ध नाही. फक्त त्याचे मूळ लेखन, ज्याला सोर्स म्हणतात, ते या सीडीवर आहे. ते लेखन यंत्राला कळेल अशा रूपात आणणारा कंपायलर नावाचा मध्यस्थ असतो. आणि 'कॉन्फिगर' नावाची एक फाईल आधी सगळी सामग्री जागेवर आहे की नाही, याची झडती घेते.

"म्हंजी तुमच्याकडं ऊस हाय, साखर न्हाय," तात्या म्हणाले. "गाळप करायचंय. आन् कारखानाच न्हाय."

आदल्या दिवशी ज्ञानदेवांनी संगणकशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाची बावीस पाने वाचली होती. त्यांत ही गोष्ट इतक्या कमी शब्दांत आलेली नव्हती. उघडपणे ते "साधारण तसेच" एवढेच म्हणाले.

गाळायचा ऊस होता 'कणगी'. कणगी म्हणजे काड्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, घरातले वर्षाचे धान्य पोटात घेऊन कोपऱ्यात उभी राहणारी वस्तू. इंदापूरच्या एसटी स्टँडासमोर टायपिंगचे वर्ग चालवणाऱ्या इमामभाईंनी स्वतःच्या हिमतीवर प्रोग्रॅमिंग शिकून दोन हजार तीन-चार साली जो कार्यक्रम लिहिला, त्याला हे नाव दिले होते. त्यात अंथुर्णे परिसरातल्या बोलीचे चार हजार तीनशे अठरा शब्द होते, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ ज्ञानदेवांच्या आईने, पुतळाबाईंनी, स्वतःच्या आवाजात सांगितला होता. त्या काळी संगणकाची डिस्क लहान होती आणि इमामभाईंची जिद्द मोठी. म्हणून तो सगळा आवाज त्यांनी स्वतः शोधलेल्या पद्धतीने दाबून एकाच फाईलमध्ये भरला. ती फाईल जगात फक्त कणगीला उघडता येत होती. पुतळाबाई दोन हजार सहा साली गेल्या. इमामभाई एकवीस साली गेले. आणि या जुलैच्या दोन तारखेला, बुधवारी दुपारी, ज्ञानदेवांच्या जुन्या संगणकाने बारीकसा धूर सोडून त्या दोघांची वाट धरली.

भिगवण रस्त्यावरच्या दुकानातून ऋषिराज आला. तो जुने यंत्र घेऊन गेला, नवे घेऊन आला आणि म्हणाला, "सर, डेटा सगळा काढलाय. एक अक्षर गेलेलं नाही. जुनी डिस्क पुसून भंगारात दिली."

"आणि कार्यक्रम? कणगी?"

"प्रोग्रॅम काय सर, कुठलाही डाऊनलोड होतो की."

कणगी डाऊनलोड होत नव्हती. ऋषिराजने दोन मिनिटे शोध घेतला. धान्याच्या तीन दुकानांचे पत्ते मिळाले, त्यांपैकी एक जळगावचे. ज्ञानदेव त्याच्याकडे पाहू लागले. फार रागावले, की ते प्रमाण मराठीही बोलेनासे होत, नुसते पाहत. ऋषिराजने निघता निघता, नुकसानीची भरपाई म्हणून, सरांचे जिवाभावाचे, त्यांच्या पुस्तकाची प्रस्तावना पोटात असलेले मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालू करून दिले. ते करणारी कंपनी बुडून एक तप उलटले होते, परवान्याचे नूतनीकरण करायला पृथ्वीतलावर कोणी उरले नव्हते, तरी ते चालले. "कसं चालवलंस?" या प्रश्नावर ऋषिराज नम्रपणे हसला. "आपली पद्धत आहे सर." ज्ञानदेवांनी अधिक खोलात जाणे टाळले. विद्वानांचा संशय सहसा दुसऱ्याच्या सोयीच्या गोष्टींपाशी जागा होतो.

हा सारा खटाटोप एका विद्यापीठातल्या बोली संवर्धन कक्षासाठी चालला आहे, असे ज्ञानदेवांनी कॉलनीत सांगून ठेवले होते. त्यात खोटे काही नव्हते. कक्षाने शब्दसंग्रह मागवला होता, सप्टेंबरअखेर मुदत होती. पण खरी गोष्ट निराळी होती आणि ती त्यांनी पुण्याच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलीला, दिशालाही, कधी सांगितली नव्हती. आई गेल्यापासून दर बुधवारी दुपारी ते कणगी उघडून एक शब्द ऐकत. एकच. रेकॉर्डिंग झाले तेव्हा ते शेजारीच बसलेले होते, पण चार हजारांतले किती शब्द कोणाच्या लक्षात राहतात? एकोणीस वर्षांत हजारभर झाले होते. तीन हजारांवर अजून न ऐकलेले, शिल्लक होते. याचा अर्थ आई अजून साठ-पासष्ट वर्षे दर बुधवारी काहीतरी नवे बोलणार होती. निवृत्त माणसाला याहून भक्कम तरतूद कोणत्या फंडाने दिली असती? त्या तरतुदीवर जुलैपासून कुलूप पडले होते.

सोर्सची सीडी इंदापुरात मिळाली. इमामभाईंची मुलगी मेहरीन आता वडिलांच्याच दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. ज्ञानदेव एसटीने गेले. डावीकडची खिडकी धरली आणि अंथुर्ण्याच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा सवयीने आत सरकून शेजारी जागा केली. रेकॉर्डिंगच्या दिवसांत दर बुधवारी आई तिथेच चढायची. कमरेला पिशवी, पिशवीत इमामसाठी हुलग्याच्या माडग्याचा डबा. त्या जागेवर आता पाठीला सॅक लावलेला एक माणूस बसला आणि निमगाव केतकीपर्यंत फोनवर कोणाशी तरी पानमळ्याच्या पाण्यावरून भांडत राहिला.

"अब्बांनी काहीच टाकून दिलं नाही, काका," मेहरीन तिसरा खोका उपसत म्हणाली. "मॉनिटरची झाकणंसुद्धा. ही बघा." सीडीवर इमामभाईंच्या डौलदार अक्षरात लिहिले होते: 'कणगी, मूळ. आत्यांची आहे. पुसू नये.' पुतळाबाईंना ते आत्या म्हणत.

कंपायलर मेहरीननेच पाठवला. नव्या यंत्रावर इंटरनेट चालत नसे. प्रत्येक संकेतस्थळ 'येथे येणे सुरक्षित नाही' असे बजावून दार लावून घेई. ज्ञानदेवांना त्या विधानात चूक काही वाटली नाही, म्हणून त्यांनी तक्रारही केली नाही. तेव्हा मेहरीनने हवे ते सारे एका पेनड्राइव्हवर भरले, पेनड्राइव्ह रिकाम्या लोणच्याच्या बरणीत घातला आणि बरणी बारा वाजताच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. दीड वाजता बारामती स्टँडावर ज्ञानदेवांनी ती सही करून घेतली. बरणी नीट धुतलेली नव्हती. त्या दिवसापासून त्यांच्या संगणकाला कैरीचा किंचित वास येतो.

यंत्राने कंपायलर पाहिला, तो स्वीकारार्ह ठरवला आणि पुढची ओळ लिहिली: 'कंपायलर कार्यक्रम निर्माण करू शकत नाही. तपशिलासाठी लॉग पाहावा.'

अन्य कोणी येथे हताश झाला असता. ज्ञानदेव येथे प्रथमच प्रसन्न झाले. लॉग म्हणजे लिखित साधन. आणि लिखित साधनापुढे त्यांनी आयुष्यात कधी हार मानली नव्हती. एकसष्ट पानांचा तो दस्तऐवज त्यांनी छापून घेतला, त्याला उजवीकडे समास आखला आणि तीन रंगांच्या शाईने पाठचिकित्सेला आरंभ केला. चार दिवसांनी त्यांचा निष्कर्ष असा होता, की या संहितेचे किमान तीन कर्ते असावेत, त्यांपैकी एक घाईत होता, आणि सतराव्या पानापासून पुढचा भाग उत्तरकालीन भर आहे.

"काका," मेहरीन फोनवर हळूच म्हणाली, "सगळं नाही वाचायचं. पहिली चूक कुठं आली तेवढं बघायचं. बाकीच्या तिच्यामुळंच येतात."

पहिली चूक दुसऱ्या पानावर होती. बरणीतून आलेल्या नऊ फायलींपैकी एक बसवायची राहिली होती. एकसष्ट पानांवरची टिपणे ज्ञानदेवांनी दोऱ्याने बांधून कपाटात ठेवली. टाकून देण्याइतकी ती वाईट नव्हती.

त्याच आठवड्यात कक्षाचे पत्र आले. ज्ञानदेवांनी मुदतवाढीसाठी रीतसर अर्ज टंकित करून, छापून, सही करून, त्याचा फोनवर फोटो काढून पाठवला होता. उत्तर असे: 'आपला दिनांक ६ ऑगस्ट २००३ चा अर्ज प्राप्त झाला. प्रस्तुत कक्षाची स्थापना जून २०१७ मध्ये झालेली असल्याने, स्थापनेपूर्वीच्या अर्जांवर विचार करण्याची तरतूद उपलब्ध नाही. सबब अर्ज मुदतपूर्व म्हणून दप्तरी दाखल.'

ज्ञानदेवांनी ते पत्र तीनदा वाचले. मग ते टंकलेखनाला बसले आणि त्यांनी जे चार पानी उत्तर लिहिले, त्यात लेखनिकवर्गाच्या अंकज्ञानापासून विद्यापीठांच्या एकूण भवितव्यापर्यंत कोणालाही सोडले नाही. 'ज्यांना चालू शतकातले वर्ष ओळखता येत नाही, त्यांच्या हाती पूर्वजांची भाषा सोपवावी काय?' हे त्यातले सर्वांत सौम्य वाक्य. सॉफ्टवेअर पानाच्या तळाशी तारीख आपोआप छापते. ती वाचण्याची त्यांना कधी गरज भासली नव्हती. आजची तारीख त्यांना ठाऊक होती.

पाचव्या दिवशी उत्तर आले. 'आपला दिनांक १३ ऑगस्ट २००३ चा अर्जही उपरोक्त कारणास्तव.' एवढेच. क्रियापद घालण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते.

"माणसं अशीच असत्यात, सर," म्हस्कू तात्यांनी सांत्वन केले. "आमच्या कारखान्यात एकाला मेल्यावर बढती दिली. मानूस बरा व्हता, पण हजर झाला न्हाय."

इकडे कॉन्फिगरची झडती पुढे सरकली आणि नव्या अडसराशी थांबली. इमामभाईंनी वीस-बावीस वर्षांपूर्वी जोडलेली एक उपफाईल यंत्राची जात ओळखण्याचे काम करीत असे. तिने नव्या यंत्राला न्याहाळले आणि कळवले: 'आपण कोणत्या प्रकारचे आहात हे ओळखता येत नाही. कृपया ओळख पटवावी.'

ज्ञानदेवांना ती ओळ ओळखीची वाटली. नोकरीच्या पहिल्या दिवशी, स्टाफरूममध्ये, एका ज्येष्ठ सहकाऱ्याने असेच विचारले होते. सरवदे म्हणजे कुठले? अंथुर्ण्याचे? हां, पण म्हणजे नेमके कोणत्या प्रकारचे? ज्ञानदेवांनी तेव्हा "मराठी विभागातले" असे उत्तर दिले होते आणि पुढची सात वर्षे त्यांचा चहा वेगळ्या कपात येत होता. यंत्राचा राग त्यांना आला नाही. यंत्राला निदान माहीतच नव्हते.

"ती ओळख पटवायची फाईल जुनी आहे, काका," मेहरीन म्हणाली. "तिच्या वेळी हे यंत्रच जन्मलं नव्हतं. मी नवी घेऊन येते. बुधवारी दुकान बंद असतं, मीच येते बारामतीला." इमामभाई बुधवारी टायपिंगचे वर्ग ठेवत नसत. आत्यांचे रेकॉर्डिंग त्याच दिवशी व्हायचे. ते वेळापत्रक मेहरीनने अजून बदललेले नव्हते.

बुधवारी, वीस ऑगस्टला, ती आली. तिच्यामागोमाग म्हस्कू तात्या आले. तात्यांच्या हातात नारळ होता.

"हे काय आहे?" ज्ञानदेवांनी विचारले.

"गाळपाच्या आदी मोळी पुजत्यात, सर. बॉयलर पेटवायच्या आदी नारळ. तेहेतीस हंगामात एकदा इसरलो, तर ट्यूब फुटली."

"तात्या, माझ्या घरात हे चालणार नाही. तुम्हाला माहीत आहे."

"घरात कोन फोडतंय? उंबऱ्याच्या भाईर फोडतो. भाईरचं अंगान तुमचं एकट्याचं हाय व्हय?"

तत्त्वाचा प्रश्न असा उंबऱ्यावर आला, की त्याची सीमा नेमकी कोठे पडते हे ठरवणे विद्वानांना नेहमीच अवघड जाते. ज्ञानदेव विचार करीत होते तोवर तात्यांनी नारळ आपटला. आतला बोर्ड बंद पडल्यामुळे त्या दिवशी बाहेरच्या बोर्डावरून वायर ओढली होती आणि तिचे जोडखोके उंबऱ्याशीच ठेवलेले होते. नारळ झकास फुटला. पाणी खोक्यात गेले. चुर्र झाले, पंखा थांबला, यंत्र विझले, आणि दोन घरांपलीकडून कोणीतरी "आमची पण गेली का?" असे ओरडले.

"पाणी लय निगालं," तात्या खोबऱ्याकडे पाहत म्हणाले. "शुभ हाय."

वायरमनची दुरुस्ती संपेपर्यंत अडीच तास गेले. त्यांतला पाऊण तास त्याने 'नारळ कुणी फोडला' या चौकशीत घालवला आणि उरलेला खोबरे खाण्यात. दिशाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, घरी बसून सॉफ्टवेअर कोण बांधतं आता? सगळं तयार मिळतं."

"तू सॉफ्टवेअरच्याच कंपनीत आहेस ना?"

"हो, पण आम्ही बांधत नाही, बाबा. आम्ही मीटिंग करतो."

वीज आली. मेहरीनने नव्या ओळख-फायली बसवल्या, आणि यंत्राने यंत्राला ओळखले. झडती भराभर खाली सरकू लागली. ध्वनीची सामग्री आहे काय, आहे. अमुक आहे काय, आहे. तात्या प्रत्येक 'आहे'ला मान डोलवीत होते. आणि मग एक ओळ आली: 'बांधणीचे वातावरण शहाणे आहे काय?'

खोलीत ओली वायर होती, खोबऱ्याचे तुकडे होते, कैरीचा वास होता, आणि एकसष्ट पानांची पाठचिकित्सा होती.

'नाही,' यंत्राने लिहिले. 'नव्याने तयार केलेली फाईल मूळ फायलींपेक्षा जुनी आहे. आपले घड्याळ तपासा.'

"नवी फाईल जुनीपेक्षा जुनी?" ज्ञानदेव उद्गारले. "हे तर्काला धरून नाही." त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. चार वाजून दहा. भिंतीवरचे पाहिले. चार वाजून दहा. पडद्याच्या कोपऱ्यातले पाहिले. चार वाजून दहा. मेहरीनने आपला फोन पाहिला. चार वाजून दहा.

"माझे घड्याळ बरोबर आहे," ज्ञानदेव थंडपणे यंत्राला म्हणाले. "तुझे तपास."

तात्या इतका वेळ वाकून बघत होते. इंग्रजी त्यांना येत नव्हते. आकडे येत होते. "सर, आमच्या बॉयलरच्या लागबुकात पैला रकाना तारखेचा असतोय. टाइम नंतर. नवा गडी आला की टाइम बरुबर लिवतो आन् तारीख कालची ठेवतो. तारीख कुठं बघायची ह्यात?"

मेहरीनने कोपऱ्यावर टिचकी मारली. पडद्यावर एक लहानसे कॅलेंडर उघडले. बुधवार, २० ऑगस्ट २००३.

मग ज्ञानदेव उठले, कपाटातून कक्षाची दोन्ही पत्रे काढली, शेजारी आपल्या चार पानी उत्तराची प्रत ठेवली आणि पानाच्या तळाशी पाहिले. कक्षाने एक अक्षर चुकीचे लिहिले नव्हते. एका अज्ञात लेखनिकाला त्यांनी चार पाने झोडपले होते, आणि तो बिचारा त्यांचीच तारीख त्यांना परत पाठवीत होता. अंकज्ञानाबद्दलचे ते वाक्य आता त्यांच्याकडेच बघत होते.

ऋषिराजला फोन लावला. तो ओशाळला नाही. उलट त्याच्या आवाजात कारागिराचा अभिमान होता. "वार जुळतात ना, सर! दोन हजार तीन आणि दोन हजार पंचवीस, दोन्हीचं कॅलेंडर सेम. गिऱ्हाईकाला कळतसुद्धा नाही. तुमच्या टायपिंगच्या मूळ सीडीवरचा परवाना तीनच्या डिसेंबरात संपत होता. म्हटलं, सरांना दोन हजार तीनमध्येच ठेवू."

"आणि पुढे?"

"जानेवारी आला की परत मागं नेऊ, सर. टेन्शन नाही."

ज्ञानदेवांनी फोन ठेवला. रागवायला हवे होते. राग शोधूनही सापडत नव्हता. इमामभाईंनी कणगी पुरी केली ती चार सालच्या फेब्रुवारीत. यंत्राच्या मते ती अजून लिहिलीच गेली नव्हती. यंत्राच्या मते आज वीस ऑगस्ट, बुधवार, चार वाजून वीस. म्हणजे आई या क्षणी इंदापुरात स्टँडासमोरच्या खोलीत, लोखंडी खुर्चीवर मांडी घालून बसलेली असणार, आणि इमाम माईकपुढचा पंखा बंद कर म्हणून पोराला सांगत असणार. दीड महिना ते अशा एका घरात बसून वैतागत होते, जिथे दोघेही जिवंत होते.

"काका," मेहरीन म्हणाली, "घड्याळ पुढं घेतलं की बांधणी होईल. पण तुमचं टायपिंग बंद पडेल. कायमचं. तुमच्या पुस्तकाची प्रस्तावना त्यातच आहे ना?"

"आहे."

"मग? आधी ती काढून घेऊ या का? कागदावर?"

"प्रस्तावना मला पाठ आहे," ज्ञानदेव म्हणाले. "तिच्यात आईचा आवाज नाही."

तात्यांनी त्यांच्याकडे चमकून पाहिले. कक्षाचे नाव काढायला ते तोंड उघडणार होते, पण तेहेतीस हंगामांत त्यांना एक कळले होते, की काही दाबमापकांकडे फक्त बघायचे असते.

वर्षाच्या आकड्याशेजारी एक लहानसा बाण होता. एकदा दाबला की एक वर्ष पुढे. मेहरीनने संगणकाचा उंदीर त्यांच्या हाताखाली सरकवला. ज्ञानदेवांनी दाबले. २००४. दाबले. २००५. २००६ ला त्यांचे बोट थांबले. खिडकीबाहेर वायरमन आपली सायकल काढीत होता; ती निघून जाईपर्यंत ते थांबले. मग पुढे गेले. निवृत्तीचे वर्ष कोणाच्या लक्षातही न येता निघून गेले. २०२० नंतर त्यांनी हात उचलला आणि उंदीर मेहरीनपुढे केला. तिने २०२१ स्वतः दाबले, जरा वेळ तसेच राहू दिले, आणि मग बाकीची चार वर्षे एका दमात उरकली.

कोपऱ्यात टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरने एक चौकोन उघडला. 'आपला परवाना संपुष्टात आला आहे. कृपया कंपनीशी संपर्क साधावा.' आणि ते बंद झाले. कंपनीशी संपर्क साधण्याचा मार्ग त्याने सांगितला नाही.

"बांधणीचे वातावरण शहाणे आहे काय?" यंत्राने पुन्हा विचारले, आणि या खेपेस स्वतःच उत्तर दिले: आहे.

मग गाळप सुरू झाले. ओळी धो धो वाहू लागल्या. मधूनमधून इशारे येत होते. हे लेखन जुन्या वळणाचे आहे, ही पद्धत आता कोणी वापरत नाही, ही जोडणी धोक्याची आहे. एकूण दोनशे बारा.

"ह्यो ओरडतोय का?" तात्यांनी विचारले.

"इशारे देतोय."

"मंग देऊ द्या. बॉयलर शिट्टी मारतोय तवर बरं असतंय. गप झाला की पळायचं."

यंत्र गप झाले. पळाले मात्र कोणी नाही. पडद्यावर एक साधी राखाडी खिडकी उघडली होती; वर 'कणगी', खाली इमामभाईंनी काढलेली काड्यांची नक्षी, आणि मधोमध, मागच्या वेळी जेथे थांबले होते त्याच्या पुढचा शब्द: वैल.

ज्ञानदेवांनी दाबले.

आधी स्टँडावरच्या ध्वनिक्षेपकाची खरखर, कुठल्याशा गाडीचा लांबलेला हॉर्न. मग खाकरण्याचा आवाज.

"वैल म्हंजी चुलीच्या अंगचं दुसरं त्वांड," पुतळाबाई म्हणाल्या. "तिला येगळा जाळ न्हाय घालायचा. चुलीचाच जाळ जातोय तिकडं. कालवण तिच्यावर ठिवायचं. म्हंजी उशिरा येणाऱ्याला बी ऊन मिळतंय." खुर्ची करकरली. "आरं इमाम, तुजं घड्याळ बरुबर हाय न्हवं? माजी साडेपाचची यष्टी जायची."

आणि मग, जरा लांबून, हसत, तो दुसरा आवाज, जो या फाईलमध्ये राहून गेला आहे हे मेहरीनला कोणी कधी सांगितले नव्हते:

"बरुबर हाय, आत्या. बसा निवांत. लय टाइम हाय."